दसऱ्याचा बिल्ला

पिनेचं टोक रुमालातूनही मांडीला लागत होतं. गाडीने वळण घेतलं की जरा जास्त — जणू खिशातल्या बिल्ल्यावरचा गरुड चोच मारून बघत होता, म्हातारा जागा आहे ना... पुरुषोत्तमराव चांगले जागे होते.

"नाना, सीटबेल्ट लावा," वसुधा म्हणाली. "आणि आज त्यांना सगळी गोष्ट सांगायची हं."

शिकागोजवळच्या शॉमबर्गमध्ये एका हॉटेलात रविवारी जुन्या लष्करी वस्तूंचा बाजार भरायचा. तिथल्या तज्ज्ञाकडून हा जर्मन बिल्ला खरा असल्याचा दाखला घ्यायचा आणि नानांच्या पंचाहत्तरीला तो फ्रेम करून मराठी मंडळाच्या हॉलमध्ये लावायचा — ही लेकीची हौस. आता हिला कसं सांगावं, की आपण लढाईला कधी गेलोच नाही; इटलीतली ती नदी, ते धुकं, तुतीच्या झाडाला टेकलेला तो जर्मन पोरगा, सगळं खडकीच्या लष्करी डेपोत बुटांचे जोड लावता लावता सुचलेलं; आणि बिल्ला पुण्याच्या जुन्या बाजारातला, मोडकी छत्री देऊन घेतलेला — लोणकढी थापेलाही हाताला लागेल असं काहीतरी हवं ना! मिरजेला राहायचो तेव्हा गोष्टीतला तो पोरगा माउथ ऑर्गन वाजवायचा, शिकागोत आल्यावर व्हायोलिन वाजवू लागला. ऐकणारे बघून मी त्याला कधी मारलं, कधी वाचवलं. बायकोने, शरयूने, मात्र कधी काही विचारलं नाही. लढाईतली वस्तू म्हणून दर दसऱ्याला ती बिल्ला चिंचेने घासायची, पाटावर विळी-कात्रीशेजारी मांडायची, कुंकू लावायची... आणि त्या पाटासमोर हात जोडून ही पोर मोठी झाली.

"वसुधा, परत फिरू या का?"

"जर्मनांना घाबरला नाहीत, आणि आता घाबरता होय?"

तज्ज्ञाचं नाव वॉल्टर. पांढऱ्या मिशा, एक पाय लढाईत अधू झालेला — म्हणजे हा खराच जाऊन आलेला. पुरुषोत्तमरावांनी रुमाल सोडून बिल्ला त्याच्यापुढे ठेवला. वॉल्टरने डोळ्याला भिंग लावलं. नकली बिल्ले बहुतेक ओतीव असतात, तो सांगत होता, मागून भरीव, कडा बोथट, बारीक बुडबुड्यांची भोकं... मग त्याने तोंड वाकडं केलं. "हा कोणी घासलाय?"

"आईने," वसुधा म्हणाली. "चिंचेने. दर वर्षी."

"गरुडाचे नाकडोळे पुसून टाकले की बाईंनी. आणि हे तांबडं?"

"कुंकू. पूजेचं."

वॉल्टरने मान हलवली. आता म्हणेल — नकली. म्हण बाबा एकदाचं... नको, हिच्यासमोर नको...

"नशीब, मागची बाजू सोडली त्यांनी." पातळ पत्र्यावरचा ठसा, मागे तोच गरुड खोलगट उमटलेला, पिनेच्या बिजागरीत जुना काळा थर. चिमट्याने त्याने तिथून काहीतरी ओढलं. करड्या-हिरव्या लोकरीचा धागा, केसाएवढा. "खरा आहे. युद्धाच्या पहिल्या वर्षातल्या एका नाझी मेळाव्याचा. कोटावर होता कोणाच्या तरी. आणि हा काढलेला नाही, ओढलाय. बिजागरी कशी वाकलीय बघा."

वसुधाचा हात त्यांच्या खांद्यावर आला. सुटलो, असं वाटायला हवं होतं. पण मनात अडकला तो कोट. म्हणजे कोणीतरी होता... माझ्या नदीच्या आधी, माझ्या छत्रीच्या आधी.

वॉल्टरने आवाज खाली आणला. "तुम्ही त्याच्याजवळ होता. नाव काय होतं त्याचं?"

आयुष्यात प्रथमच जिभेवर काही आलं नाही. वॉल्टर हळूच म्हणाला, "कळतं मला," आणि त्याने दाखल्यावर सही केली. त्याने आपलं गप्प राहणं दुःखाचं मानलं, हे पुरुषोत्तमरावांना अधिकच भयंकर वाटलं.

परतताना बिल्ला खिशात ठेवायचं धाडस झालं नाही. तळहातावर उघडाच धरला होता. वसुधा खुशीत गुणगुणत होती. "नाना, आज जेवताना शैलेंद्रला परत सांगा ना. तुमच्या जावयाने नीट कुठे ऐकलीय?"

"सांगतो की," म्हणत त्यांनी मनातल्या मनात पोरग्याला तुतीखाली आणून बसवायला घेतलं. व्हायोलिन दिलं... घेईना. माउथ ऑर्गन... नाही. बरं, पाणी तरी पी — ह्या खेपेला वाचवतो तुला, पक्कं वाचवतो... तो नुसता बघत राहिला. चेहरा एकच, आता बदलता न येणारा. छातीवर, जिथे लोकर उसवली होती, तिथे त्याने हात दाबून धरला होता, आणि तो हात काढ म्हणायची माझी छाती होईना.