मंजुरीआधीची ओटी

“मला घराबाहेर काढायची एवढी जल्दी झाली होती का गं तुला?” जिल्हा न्यायालयाच्या व्हरांड्यात प्रभावतीकाकूंनी विचारलं.

कालिंदी बसली, उठली, पुन्हा बसली. ती सरकारी इस्पितळात नर्स होती. रक्त पाहून कधी डगमगली नव्हती. आज मात्र पाय एका जागी ठरत नव्हते.

“काकू, शुक्रवार होता. वाटलं, जाणाऱ्या सवाष्णीची ओटी भरावी. बस्स.”

“जाणाऱ्या! म्हणजे जज साहेबांच्या आधी तूच फैसला सुनावलास. वा!”

काकूंचे यजमान दत्तात्रेय यांचा साड्यांचा धंदा बुडाला. न्यायालयाने त्यांना दिवाळखोर ठरवलं आणि घाटावरच्या मंगला गौरीच्या देवळाजवळचं त्यांचं लहानसं घर कर्जफेडीसाठी विकायला रिसीव्हर या सरकारी अधिकाऱ्याच्या हाती गेलं. वरच्या मजल्यावरची भाडेकरू कालिंदी. तिनेच ते विकत घेण्याचा करार केला. करारात एक अट होती: न्यायाधीशांची मंजुरी मिळाली तरच विक्री पक्की, तोवर कोणालाही हरकत घेता येईल. वकिलाने ती अट वाचून दाखवली, कालिंदीने मान डोलावली आणि थेट खण-नारळ आणायला गेली. तिच्या लेखी सही झाली म्हणजे घर झालं. काकूंनी मुकाट्याने पदर पुढे केला, आणि दुसऱ्याच दिवशी अर्ज दिला की घर कवडीमोलाने जात आहे.

“अर्ज मागे घ्या ना, काकू. तुम्ही दोघं खाली राहा. मी कधी जा म्हटलं?”

“राहा तरी कधी म्हटलंस?”

कालिंदीच्या मनात होतं, पण बोलायचं राहून गेलं होतं.

“आता म्हणतेय. राहा.”

काकू तिच्याकडे वळल्या. “तुझ्या नवऱ्याला चालेल?”

“न चालून सांगतो कोणाला?”

काकूंना हसू आलं, ते त्यांनी पदराआड दाबलं. तेवढ्यात पुकारा झाला.

आत गेल्यावर काकूंनी हात जोडले. “हुज़ूर, हमें कोई आपत्ति नहीं. अर्जी वापस लेते हैं.”

कालिंदीने श्वास सोडला. तोच मागच्या बाकावरून एक गृहस्थ उठले. विदेशी प्रवाशांच्या लॉजसाठी ते जागा शोधत होते. घर स्वस्तात जात असल्याची तक्रार त्यांच्या कानावर गेली होती. त्यांनी सरळ दीडपट किंमत देऊ केली.

न्यायाधीशांनी कालिंदीला विचारलं, “आप इतना दे सकेंगी?”

तिने नकारार्थी मान हलवली.

“अर्जी वापस हो गई, ठीक है. पर लेनदारों का नुकसान अदालत कैसे होने दे?” कर्ज देणाऱ्यांना जास्त पैसे मिळावेत म्हणून त्यांनी कालिंदीच्या कराराला मंजुरी नाकारली.

बाहेर ऊन रणरणत होतं. दोघी फाटकापर्यंत चालत आल्या. कोणी कोणाला दोष दिला नाही. कालिंदी कागदांची पिशवी घेऊन रिक्षा शोधत इकडून तिकडे फिरत राहिली. अखेर एक थांबली.

“दोनों जनी अलग-अलग जाएँगी?” रिक्षावाल्याने विचारलं.

काकू आधी चढल्या आणि एका कडेला सरकून बसल्या.

“दे ती पिशवी इकडे,” त्या म्हणाल्या, “आणि चढ.”