माझ्या तोंडावर चिकटपट्टी

मित्रांनो, मी एक जुना रंधा आहे आणि सध्या फार रागावलेला आहे. गोडगोड बोलणे मला जमत नाही. खडबडीत लाकडाशी भांडण्यातच माझा जन्म गेला.

तुमच्यापैकी पुष्कळांनी रंधा पाहिलाही नसेल. वीतभर लांबीचा एक लाकडी ठोकळा, त्याच्या पोटात तिरकी फट, फटीत पोलादी पाते आणि ते हलू नये म्हणून ठोकलेली पाचर, असा माझा देह. सुतार मला फळीवरून ढकलतो, तेव्हा पाते लाकडाची कागदासारखी पातळ साल काढते आणि फळी गुळगुळीत होते. मला घडवले ते माझ्या मिस्त्रींच्या वडिलांनी. बाभळीचा ओंडका त्यांनी दोन वर्षे सावलीत वाळवला. मिस्त्री तेव्हा पोरसवदा होते, त्यांना धीर निघत नव्हता. वडील म्हणाले, "घाई केलीस तर हा जन्मभर वाकडा चालेल. मग बोंबलत बस."

मी कधी वाकडा चाललो नाही. दारे, खिडक्या, पाळणे, शाळेची बाके, काय काय आम्ही केले! मिस्त्रींच्या हाताखाली अकरा कारागीर होते. आमच्या दारावरून तळवा फिरवून लोक म्हणत, "दार कसलं, आरसा आहे आरसा!" मी नुसता खूश होत असे. तेव्हा मला वाटे, हे असेच चालणार.

पण कारखान्यातली तयार दारे बाजारात आली आणि आमच्याकडे कोणी फिरकेना. एकेक कारागीर दुसरीकडे गेला. अशात परदेशातल्या एका फर्निचरच्या कारखान्याला सुतार हवेत, असे कळले. मिस्त्रींना मराठीत पत्र आले. पत्रात स्पष्ट लिहिले होते, 'सुतार'. मिस्त्रींनी ते पत्र बायकोकडून तीनदा वाचून घेतले. मग मिस्त्री, त्यांची बायको, नऊ वर्षांची लेक भिंगरी आणि स्वेटरमध्ये गुंडाळलेला मी, असे चौघे निघालो.

तिथल्या विमानतळावर एका अधिकाऱ्याने मला दोन बोटांनी उचलले, जसे कोणी मेलेले झुरळ उचलते.

"हे काय आहे? कशासाठी आणलंय?"

मिस्त्रींना त्या भाषेतले तीनच शब्द येत होते. त्यातला एक त्यांनी दोनदा वापरला. "काम. काम."

अधिकारी हसला. माझे पाते तेव्हाच तापले होते, मित्रांनो.

पुढचे ऐका. कारखान्यात लाकूडच नव्हते! भुसा दाबून केलेल्या फळ्या होत्या आणि त्या यंत्रे कापत होती. सुतारांची परीक्षा झाली, तीही कागदावर. नऊ पाने, सगळी त्यांच्या भाषेत. कोणी मिस्त्रींच्या हातात एक फळी द्यावी की नाही? नाही दिली. त्यांच्या कागदावर शिक्का बसला, 'अकुशल'. त्यांना एका फिरत्या पट्ट्याच्या शेवटी उभे केले. प्लास्टिकच्या पिशवीत आठ स्क्रू घालायचे, पिशवी बंद करायची, की पुढची पिशवी. डोळे मिटून नुसत्या अंगठ्याने ज्याला फळीतला केसभर चढ कळतो, त्या माणसाला आठपर्यंत मोजायला लावले! आणि नोकरीच्या करारावर सही करताना पत्रातला 'सुतार' हा शब्द कोणाला दाखवायचा, तर दाखवण्याइतकीही भाषा त्यांच्याकडे नव्हती.

बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, एका रुग्णालयाच्या धुलाईघरात चादरी घडी करण्याचे काम मिळाले. तिथल्या बायकांच्या गप्पा ऐकून ऐकून त्या भाषा शिकल्या, वाचायलाही लागल्या. भिंगरी तर तीन महिन्यांत पोपटासारखी बोलू लागली. मिस्त्री मात्र घरी येऊन गप्प बसत. पूर्वी जेवताना दिवसभराचे सगळे सांगत असत. आता काय सांगणार? आठ स्क्रू?

आणि मी? मी स्वयंपाकघरातल्या बेसिनखाली होतो. तिथला नळ गळत असे. माझ्या पात्यावर गंज चढला. नंतर न्हाणीघराचे दार वाऱ्याने आपटते म्हणून मला त्याच्यापुढे टेकण म्हणून ठेवले. वीस वर्षे मी दारे घडवली आणि म्हातारपणी दाराचे टेकण झालो. वहिनींना काय बोलू! त्या स्वतःच थकून भागून येत. तरी राग आला तो आलाच.

मग एके दिवशी भिंगरी म्हणाली, "बाबा, शाळेत प्रदर्शन आहे. घरातली जुनी वस्तू न्यायची आहे. मी रंधा नेऊ?"

कित्येक महिन्यांनी मिस्त्रींचा चेहरा उजळला. सुटीच्या दिवशी सकाळभर त्यांनी मला घासले. गंज काढला, तेल पाजले, धारेच्या दगडावर पाते असे लावले की मनगटावरचा केस कापला गेला. "शाळेत जायचंय, बावळटासारखं नाही जायचं," असे ते मला म्हणाले. खरेच म्हणाले.

आणि शाळेत काय झाले? बाईंनी माझ्या तोंडावर चिकटपट्टी लावली! मुलांना पाते लागू नये म्हणून. ते एक वेळ समजू शकतो. पण पुढे त्यांनी एक चिठ्ठीही ठेवली. भिंगरीने ती वाचली आणि तिचे कान लाल झाले.

"बाई, हा अजून चालतो. माझे बाबा सुतार आहेत."

"हो का गं? छान, छान," असे म्हणून बाई पुढच्या टेबलाकडे गेल्या.

शुक्रवारी दुपारी वस्तू परत न्यायला पालक आले. मिस्त्रीही आले. त्यांना चिठ्ठी वाचता येत नव्हती. भिंगरीने ती गुपचूप खिशात घातली. वस्तू नेल्याची सही घ्यायला वही हवी होती, ती आणायला बाई निघाल्या, पण वर्गाचे दार उघडेना. ओल धरून ते फुगले होते. बाईंनी खांदा लावून ते उघडले.

"रोज असंच असतं," भिंगरी म्हणाली. "चाव्यावाले काका सांगतात, तक्रार देऊन चार महिने झाले. परवा एक लहान मुलगी आत अडकली, केवढी रडली."

चाव्यावाले काका म्हणजे शाळेची डागडुजी पाहणारा म्हातारा. मिस्त्रींनी दाराच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग माझ्या तोंडावरची पट्टी ओढून काढली. बिजागऱ्यांच्या खिळी काढल्या, दार उतरवले, दोन बाकांवर आडवे टाकले. बुटाच्या टाचेने माझी पाचर ठोकली. आणि मित्रांनो, मी चाललो! कुरळ्या साली वर्गभर उडाल्या. पंधरा मिनिटांत दार जागेवर होते आणि बोटाने ढकलले तरी उघडत होते.

तेवढ्यात बाई आल्या. सोबत मुख्याध्यापिका होत्या.

"हे कोणाच्या परवानगीने केलंत?" भिंगरीने मुख्याध्यापिकांच्या बोलण्याचे भाषांतर केले. "शाळेची मालमत्ता आहे ही. सोमवारी लेखी माफीनामा द्या, नाहीतर तुमच्या कारखान्याला कळवावं लागेल."

मिस्त्री म्हणाले, "दार उघडत नव्हतं, आता उघडतं. माफी कशाची?"

भिंगरीने एक शब्दही मऊ न करता ते सांगितले. मुख्याध्यापिकांनी फक्त कोरा कागद पुढे केला.

घरी वहिनींनी परवान्याचा कागद बाहेर काढला. त्या देशात राहण्याचा परवाना कारखान्याच्या नोकरीवरच होता. नोकरी गेली की तिघांनी गाशा गुंडाळायचा.

"करून टाका ना सही," त्या म्हणाल्या. "दोन ओळी मी लिहिते. ताठ्याने पोट भरतं का?"

"मी चोरी केली नाही."

"कोण म्हणतंय चोरी केली? पोरीची शाळा आहे अहो, तिचा तरी विचार करा!"

तेव्हा भिंगरीने खिशातली चिठ्ठी काढून आईपुढे ठेवली. वहिनींनी शब्द जुळवत मोठ्याने वाचले, 'मागासलेल्या देशांत पूर्वी वापरले जाणारे अवजार. आता निरुपयोगी.'

वहिनींनी चिठ्ठी पुन्हा वाचली, या वेळी मनातल्या मनात. मग त्या मला उचलून म्हणाल्या, "निरुपयोगी? याने माझं घर चालवलं! आण गं तो कागद."

त्यांनी त्या देशाच्या भाषेत, मोठ्या वाकड्या अक्षरात लिहिले, 'दार आधी उघडत नव्हते. आता उघडते. हे माझ्या नवऱ्याने केले. तो सुतार आहे.' शब्दांत दोन चुका होत्या. भिंगरी दुरुस्त करायला गेली, तर म्हणाल्या, "राहू दे." मिस्त्रींनी खाली सही केली. नंतर कोणी फारसे जेवले नाही.

सोमवारी मुख्याध्यापिकांनी कागद वाचला. शेजारी उभ्या असलेल्या चाव्यावाल्या काकांनीही मान लांब करून वाचला आणि ते खो-खो हसले. मग मुख्याध्यापिकांना वर्गाकडे घेऊन गेले आणि करंगळीने ते दार तीनदा उघडून तीनदा लावले. मुख्याध्यापिकांनीही ते एकदा ढकलून पाहिले. त्यांनी माफी घेतली नाही आणि मागितलीही नाही. कागद फाइलीत गेला. कारखान्याला पत्र गेले नाही.

महिन्याभराने काकांनी शाळेच्या अठरा खिडक्या आणि इतर डागडुजीसाठी मिस्त्रींना शनिवारचे काम मिळवून दिले. त्या कामाच्या ओळखपत्रावर 'सुतार' असे लिहिले आहे. बाकीचे पाच दिवस मिस्त्री अजून आठ स्क्रू मोजतात आणि तो शिक्का अजून तसाच आहे. म्हणूनच माझा राग गेलेला नाही. पण शनिवारी जेवताना मिस्त्री बोलतात. खिडकीची कोणती चौकट कुठे कुजली आहे, हे इतके रंगवून सांगतात की वहिनी म्हणतात, "अहो, घास गार होतोय."

मित्रांनो, अवजाराला कोरडी जागा द्या, अधूनमधून तेल द्या, एवढे मागणे तर आहेच. पण तुमच्या गल्लीत, तुमच्या वर्गात दूर देशाहून कोणी आले, तर चिठ्ठी लिहिण्याआधी त्याला एकदा विचारा, "तुला काय येतं?" त्याला भाषा येत नसेल तर थांबा. हाताने दाखवेल तो.

पुढच्या वर्षी बाईंनी पुन्हा शनिवारच्या प्रदर्शनासाठी मला मागितले. या वेळी चिठ्ठी भिंगरीनेच लिहावी, असेही त्या म्हणाल्या.

भिंगरी म्हणाली, "नाही जमणार बाई. शनिवार आहे, त्याला काम आहे."