मेंढ्यांच्या गावची पोच

एमट पास्कला भीक मागायचा परवाना हवा होता. तिचं वय पासष्टीच्या पुढं, उजव्या हाताची बोटं अशी आखडलेली की चमचासुद्धा मुठीत धरावा लागे. सूत कातून पोट भरायचे दिवस संपले होते. ऑल्डब्रुकमध्ये बिनपरवाना हात पसरला तर बाजाराच्या दिवशी गाडीमागे बांधून पाठीवर चाबूक ओढत. परवाना असला की तोच हात पुण्याचा. दोन्हींच्या मधे एक कागद होता, आणि तो द्यायचा अधिकार सर जाइल्स थॉर्नबरी यांचा.

सर जाइल्स दर गुरुवारी बाजारावरच्या सभागृहात न्यायाला बसत. जेवून बसत, त्यामुळे गरिबीविषयी त्यांचं मत पक्कं असे. माणूस गरीब होतो तो आळसाने, असं ते म्हणत, आणि म्हणताना पोटावरचा पट्टा एक भोक सैल करत.

"काय गं, काम का करत नाहीस?"

"हात चालत नाहीत, सरकार."

"तोंड तर झकास चालतंय!"

सभागृह हसलं. हसणं भागच होतं. निम्म्या लोकांना त्यांच्याकडून कागद हवा होता, उरलेल्यांना लोकर.

"इथं किती दिवस राहतेस?"

"दोन वर्षं होतील."

"तीन नाहीत ना? मग तू ऑल्डब्रुकची नव्हेस. जन्म कुठला?"

"नेदर विकलीचा."

कारकून खोकला. कोपऱ्यातल्या खाटकाने जमिनीकडे पाहिलं. नेदर विकली म्हणजे बावीस घरांचं गाव. दोन वर्षांपूर्वी सर जाइल्सच्या माणसांनी तिथली आधी दारं काढून नेली, मग छपरं, आणि मग सगळ्या शिवाराला कुंपण घालून आत मेंढ्या सोडल्या. पण सर जाइल्स त्या जागेला आता 'खालचं कुरण' म्हणत. गावाचं नाव त्यांच्या डोक्यातून केव्हाच उठलं होतं, घरांसारखंच.

"तर मग नेदर विकलीला जा," ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला; भाषणाची जागा आली होती. "कायदा स्पष्ट आहे. ज्याने त्याने आपापले गरीब पोसावेत. त्या गावच्या सधन माणसांना लाज कशी वाटत नाही? स्वतः खाऊन पिऊन बसायचं आणि आपल्या म्हाताऱ्या बाया दुसऱ्याच्या दारात ढकलायच्या! असल्या माणसांचं मला तोंडसुद्धा पाहायचं नाही."

एमटने बोलायला तोंड उघडलं आणि मिटून घेतलं. मग अगदी गरिबीने म्हणाली, "लिहून द्याल का, सरकार?"

"काय?"

"हेच. तुम्ही किती छान बोललात. सधन माणसांनी पोसावं, ते."

सर जाइल्सना आपलं बोलणं कुणी लिहून मागितल्याचा अनुभव नव्हता. त्यांनी कारकुनाला शब्दन् शब्द उतरवायला लावला, खाली मोहोर उठवली आणि वर बजावलं, "हिला कॉन्स्टेबलने पोचवावं. तिथल्या माणसाची पोच आणावी. आणि ही वाटेत भटकताना दिसली तर फटके."

त्या वर्षी कॉन्स्टेबल होता हमफ्री कॉब. धंद्याने शिंपी. गावाने पाळी लावून दिलेलं फुकटचं काम, त्यामुळे सदा करवादलेला. शुक्रवारी सकाळी दोघं निघाली.

"तीन कोस!" कॉब म्हणाला. "दुकानात पाद्रीबुवांची विजार अर्धी शिवून पडलीय. आणि तुझी पोच कोण देणार गं म्हातारे? मेंढा?"

"तुला लिहिणारा मेंढा भेटला तर त्याची घे."

"चेष्टा करू नकोस. पोच नसली तर तू भटकी ठरतेस. मग चाबूक मलाच चालवावा लागेल. मला ते जमत नाही गं. गेल्या खेपेला माझाच खांदा आठ दिवस दुखत होता."

"अरेरे," एमट म्हणाली. "माझी पाठ सांभाळून घेईल हो तुझ्या खांद्याला."

कुंपण ओलांडलं तशा मेंढ्याच मेंढ्या. एमट न पाहता चालत होती, तरी पायांना ओळख होती. विहिरीपाशी ते आपोआप वळले. चर्चचं छप्पर गेलं होतं आणि आत दोन एडके रवंथ करत बसले होते.

मेंढपाळ भिंतीला टेकून कांदा-पाव खात होता. कॉबने कागद पुढे केला.

"मी या गावचा नाही बुवा," मेंढपाळ म्हणाला. "मजुरीला आलोय. या शिवेच्या आत चूल पेटते ती एकच, मठात."

मठ म्हणजे आता सर जाइल्सचा वाडा. एमट पोर होती तेव्हा तिथं साधू राहत आणि शुक्रवारी दारावर पाव वाटत. राजाने मठ मोडले, साधू गेले, सर जाइल्सनी जागा विकत घेतली. दार तेच होतं. वाटायची खिडकी तेवढी विटांनी बुजवली होती.

कॉब दारात थबकला. "एमटबाई, इथं नको. आपण परत जाऊ."

"परत गेले तर फटके. कागदावर गाव कुठलं? नेदर विकली. गावातला सधन माणूस कोण? ठोक दार."

सर जाइल्स पाहुण्यांबरोबर जेवत होते. लंडनचे दोन लोकरीचे व्यापारी होते. शुक्रवारी मांस वर्ज्य म्हणून मासा होता, तीन प्रकारचा. कॉबने टोपी काढली, कागद पुढे केला आणि डोळे मिटून घेतले. सर जाइल्सचे हात माशाने माखलेले, म्हणून शेजारच्या व्यापाऱ्याने कागद घेतला आणि मोठ्याने वाचला. स्वतः खाऊन पिऊन बसायचं, इथपर्यंत येताच त्याने ताटाकडे पाहिलं. असल्या माणसांचं मला तोंडसुद्धा पाहायचं नाही, इथं दुसऱ्याला ठसका लागला.

"मोहोर कुणाची आहे ही?" पहिल्याने निरागसपणे विचारलं.

"चाबूक!" सर जाइल्स ओरडले. "कॉब, बांध हिला!"

कॉबने डोळे उघडले. त्याच्या डोळ्यांपुढे अर्धी विजार होती आणि परतीचे तीन कोस. "बांधतो, सरकार. पण फटके भटक्याला. ही भटकली नाही, पोचली. मला फक्त पोच द्या, की मी निघालो."

"सरकार, मी जास्त खात नाही," एमट म्हणाली. "जवाचा पाव, थोडी बिअर. नाताळात म्हणाल तर मांस. झोपायला माझी जुनी जागा चालेल, तुमचा एडका सरकला तर. मी एकटीच आलेय. बाकीच्या एकवीस घरांतले वाटेवर कुठं कुठं आहेत, त्यांनासुद्धा कळवते. त्यांचाही जन्म इथलाच."

सर जाइल्सच्या हातातला मासा ताटात पडला. एकवीस घरं.

"तुला काय हवं होतं गं?" त्यांनी हळूच विचारलं.

"काल मागितलं तेच."

परवाना तिथंच लिहिला गेला, माशाचं ताट बाजूला सारून: एमट पास्क, अपंग, प्रामाणिक, हिला ऑल्डब्रुक हद्दीत भीक मागण्यास मोकळीक आहे. मोहोरेला लोणी लागलं होतं, पण उठली नीट. कालचा कागद मात्र सर जाइल्सनी परत मागितला.

"तो या कॉबचा, सरकार. त्याला पोच हवीय ना."

कॉबने त्यावर सर जाइल्सची पोच घेतली, घडी घातली आणि अंगरख्यात खोल सारली. परतीच्या वाटेवर तो एकदाही कुरकुरला नाही. शिवेपाशी आल्यावर म्हणाला, "एकवीस घरांचा पत्ता खरंच आहे तुझ्याकडे?"

"अर्धी मेलीत रे," एमट म्हणाली.

रविवारी ती ऑल्डब्रुकच्या चर्चच्या मोठ्या दारात बसली. परवाना छातीवर, वाडगं मांडीवर. सर जाइल्स केसाळ कॉलरचा झगा घालून बायकोसह आले. अख्खं गाव मागे उभं.

"देवाच्या नावाने, सरकार," एमट मोठ्याने म्हणाली. "तुमच्याच गावची आहे."

एक पेनी पडली. तिने ती उलटीसुलटी पाहिली, दाताखाली धरली आणि मग आशीर्वाद दिला.

पुढच्या रविवारपासून सर जाइल्स मागच्या लहान दाराने येऊ लागले. ते दार बुटकं, त्यांची टोपी दरवेळी अडकून पडे. दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी एमटने आपलं वाडगं उचललं आणि चर्चला वळसा घातला. कुठल्या दारात बसायचं, ते परवान्यात लिहायचं राहिलं होतं.