डावीकडचं नाव

“डावीकडे की उजवीकडे?” गाडीत बसता बसता पेम्बेआईनं पुन्हा विचारलं.

“डावीकडे, आई. मतपत्रिकेत वकीलबाईंचं नाव डावीकडे, साहेबांचं उजवीकडे. या फेरीत दोघंच तर उरलेत.”

“मागच्या रविवारी केवढी जत्रा होती! सगळ्यांनी दात काढून फोटो लावलेत म्हणे. बरं झालं बाई, डोळे आधीच गेले.”

चाकाशी बसलेला सालाही कसंनुसं हसला. त्यानं गाडी सुरू केली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा होत्या. त्यातल्या बहुतेक विहिरींचे पंप त्यानंच कधी ना कधी उघडून जोडलेले. पाणी वर्षागणिक खारट होत चाललं होतं. त्याला काही इलाज नव्हता. पंप मात्र दुरुस्त करता येत होते, आणि तेवढंच काम त्यानं आयुष्यभर इमानानं केलं होतं.

पेम्बेआई त्याची जन्मदाती नव्हे. दंग्यांच्या हिवाळ्यात बेटाच्या दक्षिणेतल्या, बाफकडच्या गावातून माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी पळाली, तेव्हा सालाही चार महिन्यांचा होता. तंबूत त्याच्या आईचं दूध आटलं. शेजारच्या तंबूत पेम्बेची मुलगी अंगावर पीत होती. पेम्बेनं एका बाजूला मुलीला घेतलं, दुसऱ्या बाजूला याला. ती मुलगी आता लंडनला असते, ईदेला फोन करते. पेम्बेच्या दाराशी रोज सकाळी जातो तो सालाहीच.

त्याला निरोप देताना ती दर वेळी म्हणायची, “जा, माझं दूध तुला हलाल.” म्हणजे पाजलं त्याचं काही देणं तुझ्यावर राहिलं नाही. इतर आया हे मुलगा पलटणीत निघाला किंवा स्वतःची घटका भरली की म्हणतात. पेम्बेआई तो पाव आणायला निघाला तरी म्हणायची.

शाळेच्या आवारात निलगिरीखाली त्यानं गाडी लावली. दार उघडून हात कोपरात वाकवून उभा राहिला. तिनं चाचपून दंड धरला. डोळे गेल्यापासून ती अशीच चालायची. मुलीनं लंडनहून पाठवलेली पांढरी काठी दाराआड कोळ्यांच्या स्वाधीन होती. “काठी मेल्या लाकडाची,” ती म्हणायची, “आपल्याला जित्या माणसाचा हात आहे.”

“सालाही.”

“हं.”

“ती बाई निवडून आली तर उद्या सकाळीच मला पलीकडे न्यायचंस. कबूल केलंयस.”

“नेईन की.”

“दरविशला सांगायचंय. म्हणावं, दोन्ही बाजूंची बोलणी पुन्हा सुरू होतायत, थोडी कळ काढ. तुझ्या शेजारची जागा कुणाला देऊ नकोस.”

दरविश तिचा नवरा. त्याची कबर बेटाला दुभागणाऱ्या रेषेच्या दक्षिणेला, त्यांच्या जुन्या गावात राहिली. आता तपासणी नाका ओलांडून जाता येतं, फुलं ठेवून संध्याकाळी परतता येतं. पण जिवंतपणी ओळखपत्र दाखवून जाणारा माणूस मेल्यावर कुठलं ओळखपत्र दाखवणार? पेम्बेआईला तिथं पुरून घ्यायचं होतं. तिला या निवडणुकीतून एवढंच हवं होतं.

सालाहीला हे माहीत होतं. पावावर हात ठेवला तेव्हाही माहीत होतं.

चार दिवसांपूर्वी तो विहिरीच्या खोपीत जेवायला बसला होता. पाव, ऑलिव्ह, हेल्लिम चीजचे दोन तुकडे. गावचा कारभारी, मुख्तार एर्दिंच, आत आला आणि उलट्या बादलीवर बसला.

“तिजेन कशी आहे?”

तिजेन सालाहीची मुलगी, सरकारी दवाखान्यात परिचारिका. हंगामी. दर वर्षी करार वाढवायचा डिसेंबर आला की घरात कुणी मोठ्यानं बोलत नसे.

“बरी आहे.”

“तिला कायम करायचं चाललंय वर. मी स्वतः शब्द टाकलाय. पण बाबा, वरचे विचारतात, गावातनं काय येणार? मी काय सांगू, संत्री?”

“आमच्या घरचं माझं एक मत आहे, ते साहेबांना. तिजेनचं तिच्याकडे.”

“आणि म्हातारीचं?”

“ते तिचं आहे.”

“शिक्का कोण मारतं?”

सालाही ऑलिव्ह चिवडत राहिला. आंधळ्या माणसाबरोबर त्याच्या विश्वासातला एक जण पडद्याआड जाऊ शकतो, हा नियम. मागची सगळी वर्षं तोच जात होता.

“अरे, तिला काय कळणार? तिनं हयातीत एकदा तरी तुझ्यावर संशय घेतलाय का?” मुख्तारनं त्याच्यासमोरचा पाव उचलून पुढे धरला. “लिहून मागत नाही, फोटो मागत नाही. यावर हात ठेव. झालं.”

पावाची शपथ खोटी घेणाऱ्याला पावच मारतो, हे इथलं मूल चालायच्या आधी शिकतं. सालाहीनं हात ठेवला. मुख्तार गेल्यावर त्याला तो पाव खाववेना. टाकवेनाही. त्यानं त्याचं चुंबन घेतलं, कपाळाला लावला आणि मुंग्या लागू नयेत म्हणून भिंतीच्या कोनाड्यात उंचावर ठेवला.

वर्गात मास्तरांच्या टेबलामागं तीन माणसं बसली होती. त्यांतली एक त्याच शाळेतली बाई. तिनं पेम्बेआईचा हात हातात घेऊन कपाळाला लावला.

“आजी, कुणाला घेऊन जाणार आत?”

“हा काय. हा माझा दुधाचा मुलगा.”

“विश्वासाचा ना? विचारावं लागतं हो, नियम आहे.”

“अगं, याला मी दात आला नव्हता तेव्हापासून ओळखते. दात आल्यावर तर फारच ओळखते. चावायचा.”

वर्गात हशा पिकला. सालाहीचे कान तापले.

पडद्याआड दोघांना उभं राहायला जेमतेम जागा होती. बाकावर कुण्या पोरानं कर्कटकानं होडी कोरलेली होती. तिच्यावर त्यानं मतपत्रिका पसरली. पेम्बेआईनं कपाळावरचा रुमाल नीट केला, देवाचं नाव घेतलं आणि आपली बोटं त्याच्या मनगटावर ठेवली. दर वेळी ठेवायची. म्हणायची, मत माझं, तर हातही थोडा माझा हवा.

त्याला हे आठवायला हवं होतं. आठवलं नव्हतं असंही नाही. मनगट झटकता येत नव्हतं, बस.

त्यानं शिक्का उचलला. हात डावीकडे जाऊ शकला असता. कुणी पाहत नव्हतं, मुख्तार इथं नव्हता. त्याला तिजेनचा डिसेंबरमधला चेहरा दिसला, कोनाड्यातला पाव दिसला. हात उजवीकडे गेला. बोटं त्याच्याबरोबर गेली. शिक्का टेकला तेव्हा ती क्षणभर तिथंच राहिली. मग उचलली गेली.

“झालं?” तिनं विचारलं.

“झालं, आई.”

परतताना ती बागांबद्दल बोलली, लंडनच्या मुलीबद्दल बोलली. घराशी उतरल्यावर तिनं त्याला ठेवणीतल्या अक्रोडाच्या मुरंब्याची बरणी दिली. “तिजेनला आवडतो,” म्हणाली आणि आत गेली. दूध हलाल करायचं ती विसरली असावी. वय झालं, दमली असेल, असं त्यानं गाडी वळवता वळवता स्वतःला सांगितलं. घरी येऊन हाताला शिक्क्याची शाई लागलीय का, ते त्यानं तीनतीनदा पाहिलं. काही नव्हतं. तरी लिंबाची फोड घेऊन त्यानं दोन्ही हात चोळून धुतले.

दिवेलागणीला निकाल आला. वकीलबाई इतक्या मतांनी निवडून आल्या, की एका मतानं इकडचं तिकडे होण्याचा प्रश्नच नव्हता. चहाकॉफीच्या दुकानापुढे पोरं गाड्यांचे भोंगे वाजवत होती. मुख्तार एर्दिंच त्यांच्यात मिसळून पाठी थोपटत होता. “मी म्हणत होतो! आपलीच बाई!” सालाहीशी नजरानजर झाली तशी तो जवळ आला आणि हलकेच म्हणाला, “तिजेनचं बघू. आता वर माणसं नवी. थोडं थांबावं लागेल.”

घरी तिजेन नाचायचीच बाकी होती. “बाबा, मी बाईंनाच दिलं! रागावू नका. तुम्ही काहीही म्हणा, नोकरीसाठी मत विकायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंय.”

“मी शिकवलंय?” सालाही म्हणाला.

“मग कुणी?”

तो मुरंब्याची बरणी फडताळात ठेवायला उठला. बरीच जागा असूनही ती मागे, अगदी भिंतीला लावून ठेवली.

सकाळी पेम्बेआई चांगला कोट घालून तयार बसली होती. मांडीवर बागेतली फुलं, ओल्या कापडात देठ गुंडाळलेली.

“आई, जिंकली तुझी बाई.”

“ऐकलं. भोंग्यांनी कोंबडा लाजला आज, आरवलाच नाही.”

“आई, काल...”

“बोलू नकोस.” तिचा आवाज चढला नाही. “तू बोललास की मला काहीतरी उत्तर द्यावं लागेल. आणि मला दुसरा मुलगा नाही.”

अंगणात लिंबाच्या झाडावर चिमण्या भांडत होत्या. तिनं फुलं एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

“डोळे गेलेत रे, डावंउजवं नाही गेलं. तिजेनसाठी?”

त्यानं मान हलवली. मग तिला दिसत नाही हे आठवून म्हणाला, “हो.”

“मागितलं असतंस तर दिलं असतं मी. पोरीपेक्षा का कबर मोठी? तुझ्या मनगटावर हात ठेवून मीच नेला असता उजवीकडे.”

बाहेरून कुणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, मोठा माणूस शाळेत उभं केल्यासारखा उभा आहे.

“चल,” ती म्हणाली, “ऊन चढेल. दरविश वाट बघत असेल.”

तो सवयीनं पुढे झाला, कोपर वाकवून उभा राहिला. ती उठली. तिचा हात हवेत आला, त्याच्या बाहीपर्यंत आला आणि तिथून वळून दाराकडे गेला.

“दाराआड काठी आहे बघ. तेवढी दे.”

“आई, पायऱ्या आहेत.”

“असू देत. शिकते.”

त्यानं काठी काढली. जळमटं आपल्या सदऱ्याला पुसली आणि मूठ तिच्या तळहाताशी नेऊन ठेवली. पेम्बेआईनं आधी उंबरा चाचपला, मग पहिली पायरी. भिंतीच्या कडेकडेनं, टकटक करत, ती गाडीकडे निघाली. सालाही तिच्या मागून एका पावलाच्या अंतरानं चालत राहिला. हात कोपरात वाकवलेलाच होता. तो सरळ करायचं त्याच्या लक्षातच आलं नाही.