बाराच्या भोंग्याची देवी

आदिलाबादच्या जिनिंग फॅक्टरीचा बाराचा भोंगा वाजला, की अर्धं गाव फॅक्टरीमागच्या गोदामाकडे धावत सुटायचं. कुणाच्या हातात तांब्या, कुणाच्या हातात औषधाची बाटली, कुणी तर मुलाच्या दुधाचा रिकामा डबाच उचलून आणलेला. गोदामाच्या फरशीत शेंदूर फासलेला एक दगड बसवला होता. त्याच्या शेजारी वाघाचं चित्र असलेल्या सतरंजीवर उद्धवबुवा बसायचे, कारण खरं वाघाचं कातडं अजून मिळालेलं नव्हतं.

"शांत! शांत!" बुवा दोन्ही हात वर करून ओरडत. "माता किनवटाहून निघाली! पैनगंगेच्या बुडाखालून आली! तिला चुंगी नाका नाही, तिला परवाना नाही! बोला, उष्णमाता की जय!"

जयजयकार संपतो न संपतो तोच जमिनीखालून घुमल्यासारखा आवाज येई. दगड थरथरे. भेगांमधून वाफेचे लोट निघत आणि मग दगडाच्या कडेनं कढत, लालसर पाणी बुडबुडत वर येई. बुवा ते पळीनं एका पांढऱ्या वाडग्यात घेत आणि त्यात हळदीची चिमूट टाकत. पिवळी हळद बघता बघता कुंकवासारखी लाल होई. बायका हुंदके देत, म्हातारे फरशीवर लोटांगण घालत आणि मग त्या पाण्यासाठी अशी काही ढकलाढकली चाले, की बघणाऱ्याला माणसांची शिसारी यावी. ते पाणी गढूळ होतं. त्याला वास होता. तळाशी चिखल बसत होता. पण लोक ते घटाघटा पीत, पोरांच्या तोंडात ओतत आणि ओठाला लागलेला गाळ जिभेनं चाटून घेत.

हे सगळं छप्पन्न सालचं. ऐन दिवाळीत राज्यांची नवी वाटणी झाली होती. किनवट तालुका त्या दिवसापर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता, तो मुंबई राज्यात गेला आणि आदिलाबाद आंध्रात राहिलं. किनवटाकडे ऊनकेश्वराची गरम पाण्याची कुंडं आहेत. खरूज, नायटा, सांधेदुखी, काहीही झालं की इकडची माणसं बैलगाडी जुंपून तिथं जायची. ते आपलं ठिकाण एका रात्रीत दुसऱ्या राज्यात गेलं, हे लोकांच्या जिवाला लागलं होतं. कुणाची लेक तिकडे दिलेली, कुणाचा भाऊ तिकडे. बुवांनी नेमका त्याच दुखऱ्या जागी हात घातला. दिवाळीनंतर पंधरा दिवसांत ते उपटले, पडीक गोदाम भाड्यानं घेतलं आणि जाहीर केलं, की ऊनकेश्वराची माता लेकरांना सोडून राहायला तयार नाही, ती स्वतःच आदिलाबादेत आली आहे.

महिपतनं मात्र ही देवी एकदाही पाहिली नव्हती. तो त्याच फॅक्टरीत बॉयलरवर होता, बारा वर्षांपासून. आणि देवी यायची ती नेमकी त्याच्या कामाच्या वेळी. बाराला भोंगा झाला, इंजिन थांबलं, मजूर भाकरी खायला बसले, की महिपतला बॉयलरच्या बुडाचा कॉक उघडून गाळ सोडावा लागे. आदिलाबादच्या विहिरींचं पाणी जड. चुलीवरच्या भांड्याला जसा पांढरा थर चढतो तसा तो बॉयलरला आतून चढतो, आणि चढू दिला तर एक दिवस बॉयलर फुटून माणसं मरतात. म्हणून पाण्यात रोज धुण्याचा सोडा टाकायचा, थराचा गाळ होऊ द्यायचा आणि दुपारी कॉक उघडून तो बाहेर काढायचा. एक पाइप अंगणाखालून, भिंतीखालून थेट नाल्यावर जात होता. गाळ तिकडे पडे.

म्हणजे पडत असे. जुने मस्तानमियाँ मिस्त्री होते तोवर ते दर बाजारच्या दिवशी नाल्यापर्यंत चालत जाऊन गाळ पडतो की नाही ते बघायचे, हातोडीनं पाइप ठोकून त्याचा आवाज ऐकायचे. अठ्ठेचाळीस सालच्या पोलिस ॲक्शनच्या गडबडीत ते हैदराबादला निघून गेले. त्यांच्या जागी मालकांनी दुसरा मिस्त्री आणला नाही. पाइपांचा नकाशा उर्दूत होता, तो कचेरीतल्या नव्या कारकुनानं अडगळ म्हणून काढून टाकला, आणि पाइप जिथून जात होता तिथेच मालकांनी हे गोदाम बांधून घेतलं. महिपत कॉक उघडायचा, बंद करायचा. नाल्यावर जाऊन बघायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि तोही गेला नव्हता.

त्याची आई भागाबाई मात्र रोज गोदामात जायची. तिच्या उजव्या डोळ्यावर फूल पडायला लागलं होतं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर सुधाकररावांनी थेंब दिले होते. ते तिनं कोनाड्यात ठेवून दिले आणि डोळ्यात तीर्थ घालायला सुरुवात केली. आठवड्यात डोळा लाल झाला. महिन्यात तो चिकटायला लागला, पहाटे पापणी उघडेना. महिपत ओरडला की ती म्हणायची, "मैल निघून राह्यला बापू. बुवा म्हणले, आधी मैल निघते, मंग उजेड येते."

मार्गशीर्षाच्या अवसेला जिनिंगला नेहमीची सुट्टी होती. बॉयलर थंड, महिपत घरी. दुपारी भागाबाई चेहरा पाडून परतली.

"काय झालं माय?"

"आज देवी आलीच नाही. बुवा म्हणले, अवसेचा उपास असते तिले. मागच्या अवसेले बी नोती आली."

महिपतला आधी हसूच आलं. त्यानं आजवर पाहिलेल्या साऱ्या अंगातल्या देव्या अवसेलाच घुमायच्या. अवसेला घरात पाय पोटाशी घेऊन बसणारी देवी त्यानं पहिल्यांदाच ऐकली. पण हसता हसता तो थांबला. अवसेला दुसरं कोण बसून असतं? बॉयलर.

"तीर्थ हाय का घरात?" त्यानं विचारलं.

"कालचं हाय थोडं. आणतू का? डोयात घालून दे मले, माह्या हातानं नीट पडत नाही."

त्यानं तांब्या नाकाशी नेला. हा वास त्याच्या अंगाला, कपड्यांना, भाकरीला बारा वर्षं चिकटलेला होता. गंज, सोडा आणि बॉयलरमधल्या थराचा चिखल. त्यानं तांब्यात हळद टाकली. लाल झाली.

"पाह्यलं?" भागाबाईनं हात जोडले.

 महिपतनं धुण्याचा सोडा काढला, माठातलं स्वच्छ पाणी वाटीत घेतलं, सोडा विरघळवला आणि हळद टाकली. तीही लाल झाली, अगदी तशीच.

भागाबाईनं वाटी डाव्या डोळ्याजवळ नेऊन पाहिली. मग म्हणाली, "सोड्यात बी देवी असंल."

महिपत उठला आणि मोरीत जाऊन त्यानं कोपरापर्यंत हात धुतले. रोज दुपारी याच हातानं तो कॉक उघडत होता, आणि याच हातानं सोडलेली घाण त्याची माय डोळ्यात घालत होती. त्याला बुवाची किळस आली, गावाची आली आणि सगळ्यात जास्त स्वतःची.

त्यानं तिला तसंच दवाखान्यात नेलं आणि तीर्थाचं सगळं सांगितलं. सुधाकररावांनी पापणी वर करून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "बाई, सोड्यानं जखम झाली, त्यात घाण गेली. उजवा डोळा गेल्यातच जमा आहे. डावा तरी वाचवू द्या मला. त्यात त्या पाण्याचा एक थेंब जरी गेला ना, तर मग हात टेकले मी."

"डाव्या डोयात बी घालतो ना मी, चार दिवसांपासून," भागाबाई म्हणाली.

सुधाकररावांनी महिपतकडे पाहिलं. "आजपासून बंद. कसं करायचं ते तुम्ही बघा."

सकाळी महिपत मालकांकडे गेला. अमृतराव पान लावत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गाळ कुठं बी पडेना, तुले काय? लोकायची श्रद्धा हाय. गोदामाचं भाडं येते. तू कॉक उघड, बंद कर. नाही जमत, तर दुसरा मानूस हाय आपल्याकडे."

महिपतनं मान हलवली आणि बाहेर येऊन बॉयलरवर आपल्या हाताखाली कोळसा टाकणाऱ्या फकिराला गाठलं. "आज कॉक तू उघडजो. भोंग्याले नाही. मी गोदामाच्या दारात गमछा वर केला, की उघडजो. खाली केला, की बंद."

"मालक?"

"मालकाचं मी पाहीन. माह्या मायचा डोळा गेला फकिरा, दुसरा चालला."

फकिरा बाराच्या आधीच कॉकपाशी जाऊन उभा राहिला; तिथून गोदामाचं दार दिसत होतं.

बाराचा भोंगा झाला. गोदामात दीड-दोनशे माणूस. भागाबाईही होतीच, अगदी पुढे, तांब्या घेऊन. बुवांनी हात वर केले. "माता निघाली! पैनगंगा ओलांडली! बोला, उष्णमाता की जय!"

जमीन गप्प.

बुवांनी पुन्हा जयजयकार करवला. घंटा वाजवली. दगडाला कान लावला. दहा मिनिटं झाली, बुवांच्या कपाळावर घाम आला. शेवटी त्यांनी डोळे गरगर फिरवले. "माता कोपली! इथं कोणी पापी आला हाय! बाहेर काढा त्याले!"

"मीच तो," महिपत दारातून म्हणाला. "बुवा, तुमाले येत नसंल, तर मी बोलवतो देवीले. सारे मांगं सरका, कढत पानी हाय. माय, तू बी सरक. बुवा, तुमी बी."

बुवा सरकले नाहीत. महिपतनं गमछा वर केला.

जमीन घुमली. वाफ उसळली आणि उष्णमातेचा परमभक्त सतरंजी सोडून किंचाळत भिंतीला जाऊन आदळला. महिपतनं गमछा खाली केला. देवी बंद झाली. वर केला, आली. खाली केला, गेली. तिसऱ्यांदा गर्दीतल्या काही पोरी फिसकन हसल्या.

मग त्यानं सोबत आणलेली पहार घेतली आणि शेंदराचा दगड उलथवला. खाली गंजका पाइप होता. त्याचा सांधा गंजून सुटला होता आणि सुटलेलं तोंड छिन्नीनं आणखी मोठं केलेलं होतं. छिन्नीच्या खुणा जुन्या गंजावर उठून दिसत होत्या. भोवती गोणपाट गुंडाळलेलं, आणि गोणपाटावर बोटभर जाडीचा काळपट लाल गाळ. त्यात मेलेली झुरळं रुतलेली होती.

मघा तीर्थ प्यायला आलेली माणसं नाकाला पदर, धोतर लावून मागे हटली. एक बाई तर तिथंच ओकली.

"हे पेले तुमी," महिपत म्हणाला.  "हे लेकरायले पाजलं. बॉयलरचं बूड धुतलेलं पानी हाय हे. रोज मी सोडतो, या हातानं. हयद लाल होते ते सोड्यानं, घरी जाऊन करून पाहा. देव मानाचा तं माना, मी नाही म्हनत नाही. पण तोंडात घालाच्या आंदी, डोयात घालाच्या आंदी, एक डाव इचारा तं खरं, हे येऊन राह्यलं कुठून? दगड उचलून पाहाले काऊन भेता? खरी देवी असंल, तं दगड उचलल्यानं पळून जाईल का ती?"

पळून गेले ते बुवा. मागच्या दारानं, अनवाणी. पुढे कळलं, की ते चांद्याकडच्या एका फॅक्टरीत दोन वर्षं बॉयलरवर कोळसा ओढत होते. गाळ कधी सुटतो, भोंगा कधी होतो, हे त्यांना तोंडपाठ होतं. इतकी अक्कल असलेल्या माणसानं तो पाइप दुरुस्त केला असता तर चार पैसे इमानानं मिळाले असते. त्यानं भोक मोठं केलं.

मालकांनी महिपतला काढलं नाही. गावाच्या संतापाला भिऊन उलट नवा पाइप टाकून दिला. भागाबाईचा डावा डोळा सुधाकररावांनी वाचवला. उजवा गेला.

इथं गोष्ट संपायला हवी. पण माणसाची जात अशी सरळ नसते. आठ दिवसांनी महिपत सकाळी कामावर आला, तर गाळाच्या कॉकला झेंडूचा हार घातलेला, हळद-कुंकू वाहिलेलं आणि खाली नारळ. एक बाई अंगावर पुरळ उठलेलं लेकरू घेऊन दाराशी बसली होती. महिपत दिसताच ती त्याच्या पायावर पडली. "भाऊ, बुवा लबाड होता. खरी देवी तुह्या हाताले वश हाय. एक वाटी सोड, माह्या लेकरासाठी."

 महिपतनं हार ओढून भट्टीत टाकला, तरी ती उठेना.

भाकरी घेऊन आलेली भागाबाई हे सगळं ऐकत होती. ती त्या बाईच्या समोर येऊन बसली आणि तिनं डोळ्यावरची पट्टी सोडली. बाईनं पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"तोंड नको फिरवू. पाह्य नीट," भागाबाई म्हणाली. "हा देवीनं नाही नेला. सोड्यानं नेला अन् माह्या मूर्खपणानं नेला. लेक माह्या पुढं वाटी घेऊन बसला होता, तरी मी आयकलं नाही. तुह्या लेकराचे दोन्ही डोये हायत अजून. उठ. दवाखाना मले मालूम हाय, मी येतो तुह्यासंगं."

बाई बसूनच राहिली. भागाबाईनं भाकरी महिपतच्या हातात दिली, ते लेकरू स्वतःच्या कडेवर घेतलं आणि चालायला लागली. मग ती बाईही उठली.