आगट्यांच्या फुलांना माणसं टिकेनात

श्यामसुंदर आगटे एका आयटी कंपनीत मनुष्यबळ विभागाचे प्रमुख होते. माणसांना कामावर घ्यायचं, ती खूश असल्याचं त्यांच्याकडूनच फॉर्मवर लिहून घ्यायचं आणि तरीही ती सोडून गेली की हे अपेक्षितच होतं असा तक्ता पडद्यावर दाखवायचा, हे त्यांचं काम. ते काम आगटे फार उत्तम करत.

दोन हजार सात साली पुण्यात ज्याला बरा पगार होता त्याला मातीची ओढ लागत होती. तशी ती आगट्यांनाही लागली. कर्वेनगरच्या बाल्कनीत एक तुळस होती आणि तिला पाणी मंदाकिनीबाई घालत. एवढ्या अनुभवावर आगट्यांनी विश्रांतवाडीच्या पुढे, आळंदी रस्त्यापासून आत, अर्धा एकर भाड्याने घेतला, पॉलिहाउस उभारलं आणि त्यात जरबेरा लावला.

"माणसांचं काय?" मंदाकिनीबाईंनी विचारलं.

"मी दोन हजार माणसं सांभाळतो, मंदा. इथे सहा लागणार."

पहिले आले बापूराव. आयुष्यभर फुलांत काम केलेला माणूस. आगट्यांनी त्यांना झाडाखाली खुर्चीवर बसवलं आणि मुलाखत घेतली.

"पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?"

बापूरावांनी आधी पॉलिहाउसकडे पाहिलं, मग आगट्यांच्या बुटांकडे. "पाच वर्सांनी हितं काय असंल ते आधी तुमी सांगा. मंग माझं बघू."

आगट्यांना हे उत्तर फार मार्मिक वाटलं. ते त्यांनी ऑफिसातल्या दोन भाषणांत वापरलं. तिसऱ्या भाषणाच्या आधीच बापूराव येईनासे झाले. आठवड्याने आगटे कंपनीच्या फाटकातून गाडी आत घेत होते, तर निळ्या गणवेशातल्या पहारेकऱ्याने हात आडवा केला. "कार्ड दाखवा साहेब." बापूरावच होते ते.

"अहो, तुम्ही इथे?"

"हितं खुर्ची हाय, पंखा हाय," बापूराव म्हणाले. "आन् बसलेल्या माणसाला कुणी काय इचारत न्हाई. कार्ड?"

मग हिंदुराव आणि त्यांची बायको आली. त्यांना आगट्यांनी तिसऱ्याच दिवशी एक खेळ खेळायला लावला. डोळे मिटून मागे पडायचं, मागचा सहकारी झेलणार, त्यातून परस्परांवरचा विश्वास वाढतो. मागे झेलायला खुद्द आगटे उभे. हिंदुरावांचं वजन नव्वद किलो. त्यांनी मान वळवून साहेबांचे दंड नीट पाहिले आणि म्हणाले, "मला पडायचंच असंल तर मी घरी पडतो." नवराबायको जी गेली ती परत आली नाहीत.

नंतर जी माणसं मिळाली त्यांनी फुलं कात्रीने कापली. जरबेराचा दांडा बुडाशी धरून, हलकेच पिळून उपटायचा असतो. कापला तर उरलेला खुंट कुजतो आणि रोपही जातं. दोन वाफे सडल्यावर आगट्यांना हे कळलं. त्यांनी त्यावर सचित्र पत्रक छापून घेतलं आणि पॉलिहाउसच्या दाराला लावलं. इंग्रजीत.

अशा वेळी यमुनाबाई आल्या. पन्नाशीच्या, सडसडीत, बरोबर आणखी चार बायका. पत्रकाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. सकाळी सातला फुलं काढायला लागायच्या आणि दहाच्या आत सगळी पाण्याच्या बादल्यांत उभी असायची. दांडा कसा धरायचा, कुठलं फूल उद्यापर्यंत ठेवायचं, हे त्यांच्या बोटांनाच कळत होतं. तीन आठवड्यांत मार्केट यार्डातला व्यापारी आगट्यांना स्वतःहून फोन करू लागला. आगटे ऑफिसात सांगू लागले, योग्य प्रक्रिया असली की योग्य माणसं आपोआप येतात.

यमुनाबाईंची मागणी एकच होती. "साहेब, बायकांना संडास बांधा. सकाळपासनं आमी पाणी पीत न्हाई. पॉलिहाउसात किती उकडतं, तुमी कधी दुपारचं आत थांबून बघा."

"नोट केलंय," आगटे म्हणाले.

पंधरा दिवसांनी यमुनाबाईंनी पुन्हा विचारलं. "पुढच्या तिमाहीत घेऊ," आगटे म्हणाले. "सूचनापेटी लावतोय, त्यात टाकून ठेवा."

सूचनापेटी खरंच लागली. पाच बायकांपैकी लिहिता येत होतं एकीला. तिने एका चिठ्ठीवर 'संडास' असं लिहून ती आत टाकली. पेटीची किल्ली आगट्यांच्या ऑफिसात राहिली होती.

त्यानंतरच्या शनिवारी आगट्यांनी पेढे आणि एक प्रमाणपत्र आणलं. सोनेरी चौकट, आत 'महिन्याच्या सर्वोत्तम सहकारी : यमुनाबाई'. सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या, फोटो काढला.

यमुनाबाईंनी चौकट उलटीसुलटी करून पाहिली. "ही भितीला लावायची का?"

"हो, अर्थात!"

"मंग भित बांधा आधी. चार बाजूंनी. वर पत्रा न्हाई टाकला तरी चालंल."

सोमवारी कोणी आलं नाही. बायका गेल्या होत्या शेजारच्याच तुकड्यावर. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या नंदा ओव्हाळ तिथे गुलाब करत होत्या. आगटे तावातावाने कुंपणापाशी गेले.

"मॅडम, माझी माणसं पळवणं हे काही योग्य नाही."

"मी नाही पळवली," नंदाताई शांतपणे म्हणाल्या. "मी संडास बांधला. त्या चालत आल्या. माझ्या आईने जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात कामं केली, आगटेसाहेब. आडोसा शोधत हिंडायचं म्हणजे काय, ते कळायला मला पेटीतल्या चिठ्ठीची गरज नव्हती."

आगट्यांनी यमुनाबाईंना तिथेच गाठून, नोकरी का सोडली याचा दोन पानी फॉर्म पुढे केला. त्या म्हणाल्या, "हात वले हायेत."

फुलं मात्र थांबत नव्हती. आगटे सकाळी विश्रांतवाडीच्या चौकात मजूर उभे राहतात तिथे गेले. गाडीची काच खाली केली, तसा घोळक्यातून आवाज आला, "आरं, ते टाळ्या वाजवायला लावतेत ते हेच का?" घोळका हसला आणि पुढच्या टेम्पोकडे वळला.

रविवारी मंदाकिनीबाईंना घेऊन आगटे स्वतः फुलं काढायला उतरले. साडेसात वाजता त्यांना ध्यानधारणेसारखं वाटत होतं. नऊला कंबर धरली. साडेनऊला मंदाकिनीबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, इथे जायचं कुठे?"

आगट्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग बांधापलीकडच्या एरंडाकडे मोघम हात केला.

मंदाकिनीबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. बत्तीस वर्षांच्या संसारात असं त्यांनी बघितलं नव्हतं. मग कुंपण ओलांडून नंदाताईंकडे गेल्या. परतल्या तासाभराने, चहा पिऊन, गवंड्याचा नंबर घेऊन.

दहा दिवसांत संडास झाला. पत्र्यासकट, पाण्याच्या टाकीसकट, आतून कडीसकट. मग मंदाकिनीबाई यमुनाबाईंकडे गेल्या. यमुनाबाई स्वतः यायला तयार नव्हत्या. नंदाताईंना शब्द दिला होता. पण दोन बायका परत देते म्हणाल्या, आणखी तिघी आपल्या ओळखीतल्या देते आणि आठवडाभर येऊन त्यांना शिकवूनही जाते.

"पण एक अट हाय ताई. साहेबांनी यायचं न्हाई."

मंदाकिनीबाईंनी नवऱ्याला न विचारता मान डोलावली.

आगट्यांना हे शनिवारी सकाळी कळलं, बूट चढवताना. "म्हणजे? माझ्याच शेतात मी जायचं नाही?"

"फुलं उत्तम निघतायत," मंदाकिनीबाई गाडीची किल्ली उचलत म्हणाल्या. "आणि तुळशीला पाणी घाला तेवढं."

पुढच्या महिन्यात हिंजवडीच्या एका हॉटेलात आगट्यांचं व्याख्यान झालं. विषय होता, माणसं टिकवायची कशी. पडद्यावर जरबेराच्या वाफ्यात हसणाऱ्या पाच बायकांचा फोटो होता. तो मंदाकिनीबाईंनी काढला होता. प्रश्नोत्तरांत एका मुलीने विचारलं, "सर, यांना टिकवण्यासाठी तुम्ही नेमकं काय केलंत?"

आगट्यांनी चष्मा पुसला. "मी मागे झालो," ते गंभीरपणे म्हणाले, आणि सभागृहाने ते वाक्य लिहून घेतलं.