मालिकेचा शेवट आणि जानू तांडेलाचा बाक

मित्रांनो, शाळेतून आल्या आल्या तुम्ही ज्याच्यावर दप्तरं फेकता आणि बंदरावर खेळायला पळता, तो मी. सातपाटीच्या एका गल्लीतला जुना बाक. एक पाय लुळा झालाय, म्हणून मला भिंतीला टेकवून ठेवलंय.

माझ्या फळ्या सागवानी. आधी त्या जानू तांडेलाच्या बोटीला होत्या. तांडेल म्हणजे बोटीवरचा मुख्य माणूस. बोट थकली तेव्हा सुका नावाच्या सुताराने तिच्या धड फळ्या निवडल्या आणि मला घडवलं. रंधा फिरला, तरी अंगातला खारा वास काही गेला नाही. जानूने मला ओटीवर ठेवलं. तो आणि त्याचा एकुलता एक मुलगा पुंडलिक माझ्यावर बसून जाळी सांधायचे. पुढे मुरबे गावची मंजुळा सून म्हणून आली, तेव्हा नव्या जोडप्याला ओवाळलं तेही माझ्यावरच बसवून.

लग्नाला वर्ष व्हायच्या आतच एका वादळात पुंडलिकची बोट परतली नाही. बाकीच्या आल्या. गावाने समुद्र पालथा घातला, पण काही हाती लागलं नाही. देहच मिळाला नाही, म्हणून मंजुळेच्या हातातल्या हिरव्या बांगड्या उतरवायला कोणी धजलं नाही. जानूची नजर काचबिंदूने आधीच अधू होती, ती त्या वर्षात पार गेली. मंजुळेचा भाऊ कमलाकांत दोनदा मुरब्याहून तिला न्यायला आला. दोन्ही वेळा ती म्हणाली, "बाबांना कोन बघील?" भाऊ तसाच परत गेला.

त्या दिवसांत शेजारच्या कृष्णकांतने टीव्ही घेतला. तो तारापूरच्या वीज केंद्रात कामाला होता. रविवारी सकाळी टीव्हीवर 'मायासिंधू' नावाची जादूची मालिका लागायची. एक राजकुमार राक्षसाला मारायला समुद्राच्या तळाशी जातो आणि त्याची बायको किनाऱ्यावर दिवा लावून वाट बघते, अशी ती गोष्ट. अर्धी गल्ली तिथे लोटायची. बसायला जागा पुरेना, म्हणून दर रविवारी मला उचलून तिकडे नेत. तेव्हा काय मान होता माझा! माझ्यावर जागा मिळावी म्हणून भांडणं व्हायची. पण उजवं टोक जानूचं, आणि त्याच्या शेजारी मंजुळा, हे ठरलेलं. जानूला चित्र दिसत नव्हतं आणि हिंदीही फारसं कळत नव्हतं. मंजुळा त्याच्या कानाशी लागून सगळं सांगायची. "आता मगर आली, बाबा. आता त्यानं तलवार काढली." जानू मान डोलवायचा.

एकदा तो हळूच म्हणाला, "पोरी, हा राजकुमार घरी आला ना, तर आपला पन येनार बघ."  मंजुळेचा हात माझ्या कडेवर घट्ट आवळला गेला, तो मला जाणवला.

मग शेवटच्या भागाचा रविवार आला. दारात, खिडकीत, जिकडे तिकडे माणसं. राक्षस मेला तेव्हा पोरांनी शिट्ट्या मारल्या. त्यानंतर मात्र टीव्हीवर कोणीच बोलेना, नुसतं संगीत चाललं होतं. खोलीही चिडीचूप झाली.

"काय झाला गो?" जानूने विचारलं. "आला काय तो?"

 शेजारची काशीबाई तोंड उघडणार होती, तेवढ्यात मंजुळा म्हणाली, "आला, बाबा. आला. दोघं हात धरून घरी गेली."

खोलीतली सगळी डोकी तिच्याकडे वळली. काशीबाईने पदराचा बोळा तोंडावर धरला.  जानू मात्र हसला. त्याने माझ्या फळीवर थाप मारली आणि म्हणाला, "मी सांगत होतो ना!"

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा जानूच्या ओटीवर होतो. मंजुळा बोंबील वाळत घालायला गेली होती. जानू आत झोपलाय असं समजून गल्ली माझ्याभोवती जमली आणि वाद पेटला.

"असाच शेवट पायजे होता," कृष्णकांत म्हणाला. "राक्षस मेल्यावर पाताळाचं राज्य कोन सांभाळनार? त्याचं काम मोठं होतं."

"डोंबलाचं काम!" काशीबाई कडाडली. "वरीसभर ती दिवा लावून बसली. हा किनाऱ्यावर येतो, तिला झोपलेली बघतो आनि परत पान्यात जातो? उठवायला काय झालं होतं मेल्याला?"

"पुढचा भाग येनार असंल," कोणीतरी म्हणालं.

"मला तर रडू आलं, पन आवडलं," शैला म्हणाली. ती शाळेत शिकवायची. "सगळेच परत येतात, असं थोडंच असतं?"

तेवढ्यात दाराची कडी वाजली. जानू चाचपडत बाहेर आला आणि आपल्या टोकाला बसला. 

"म्हनजे गेला तो," जानू म्हणाला.

"गेला, जानूदादा," काशीबाई कशीबशी म्हणाली. एकेक करून सगळे उठून गेले.

मंजुळा आली तेव्हा तो तसाच बसून होता. "पोरी, बस इथं. कालचा शेवट सांग. खरा."

ती बसली.  "किनाऱ्यापर्यंत आला, बाबा. तिच्याकडं बघितलं आनि पान्यात परत गेला."

"मंग खोटं का सांगितलंस?"

"तुमी वाट बघताव म्हनून. तुमची आशा कशी मोडू मी?"

जानूने तिचा हात चाचपून धरला. "मी वाट बघत नव्हतो गो. जलम गेला माझा दर्यात. बाकीच्या बोटी आल्या आनि त्याची नाय आली, तवाच मी समजलो. पन तुझ्या बांगड्या वाजायच्या घरात. वाटायचं, हिला आशा हाय, तर मी कशाला मोडू? म्हनून मी पन 'येनार, येनार' म्हनत ऱ्हायलो."

मित्रांनो, एकाच घरात दोन माणसं, आणि दोघंही एकमेकांसाठी खोटी आशा सांभाळत बसली होती. त्या दिवशी पुंडलिकसाठी ती दोघं पहिल्यांदा एकत्र रडली. मी लाकडाचा, पण त्या हुंदक्यांनी माझे खिळे हलले.

जानूने स्वतःच मुरब्याला निरोप धाडला. मंजुळेने जायला खूप विरोध केला, त्याचे पाय धरले. तो म्हणाला, "तो तर गेलाच. तू पन इथं अशी ऱ्हायलीस तर मला दोन मेलेली सांभाळावी लागतील." पुढे बोईसरच्या कारखान्यात काम करणाऱ्या पुंजाराम नावाच्या विधुराशी तिचं लग्न लागलं. इथून भावाबरोबर निघताना ती रिक्षात बसली, तेव्हा जानू माझ्यावर बसून रिक्षाच्या आवाजाकडे तोंड करून होता. आवाज विरला, तरी त्याने मान वळवली नाही.

टीव्हीवर नवी मालिका सुरू झाली. लोकांनी मला पुन्हा नेलं, जानूलाही नेलं. तो दोनदा-तीनदा कोणाकोणाला काही विचारायला गेला. "थांबा हो दादा, मंग सांगतो," असं म्हणून सगळे पडद्याकडे वळले. कोणी दुष्ट नव्हतं, रंगले होते बिचारे. पण त्यानंतर जानू गेला नाही. एकटाच ओटीवर माझ्या उजव्या टोकाला बसायचा. मंजुळा सणासुदीला यायची, त्याच्याजवळ बसायची. एका पावसाळ्यात तो गेला. कृष्णकांतकडे प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या आणि माझी गरज संपली.

माझं काय, मी लाकूड. जमलं तर पायाला एक खिळा ठोका, नाहीतर चुलीत घाला, मी रागावणार नाही. पण तुमच्या घरात कोणाला दिसत नसेल, ऐकू येत नसेल, कोणी थकलेलं असेल, तर पडद्यावरून नजर काढून त्याला दोन वाक्यं सांगा. आणि खरं सांगा. त्याला सोसवणार नाही, असं परस्पर ठरवू नका. सोसायचं ते त्याने केव्हाच सोसलेलं असतं. एकट्याने सोसलेलं असतं, एवढंच.